वाद्यावरचं नाव

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू वाद्यं बनवतोस, त्यावर पंधरा-वीस मिनिटं बोल. लोकांना कंटाळा येणार नाही एवढं बघ.’ समोर चित्रकलेचे सर बसलेत, संगीताच्या बाई बसल्यात. या दोघांसमोर मी आयुष्यात कधी सलग दोन मिनिटं बोललेलो नाही. शाळेत असताना बोलायची वेळ यायची ती उत्तर येत नसताना. आज विषय माझा आहे, त्यामुळे थोडं धाडस करतो.

वाद्य बनवण्याबद्दल सगळं सांगत बसलो तर जेवण थंड होईल. म्हणून एकच छोटी गोष्ट घेतो. वाद्यावर बनवणाऱ्याचं नाव किंवा चिन्ह असतं ना, गिटारच्या डोक्यावर चमकणारं, ते लाकडात कसं बसवतात? आणि ते बसवावं का? या दुसऱ्या प्रश्नाला माझ्या बाबतीत एक जुना हिशेब जोडलेला आहे. तो शेवटी सांगतो.

आपण मिरजेची मुलं. सतारमेकर गल्ली आपल्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. तिथलं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब या कामात उतरले आणि हत्यारं करणारे हात तंबोरे करू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्या ग्रुपवर किती अभिनंदनं आली होती! शाळेत असताना मात्र आपल्याला त्या गल्लीतून जाताना एवढंच कळायचं, की इथे लाखेचा आणि कापराचा वास येतो.

तो कापराचा वास सेल्युलॉइडचा. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर आणि दांडीच्या कडेनं पांढरी वेलबुट्टी दिसते, ती बऱ्याच वाद्यांवर सेल्युलॉइडची असते. पूर्वी तिथे हस्तिदंत असायचा आणि घोडीला सांबराचं शिंग. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर, आणि पुढे १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर, हस्तिदंताचा व्यापार देशात पूर्ण बंद झाला. तो व्हायलाच हवा होता. मग उंटाचं हाड आलं, प्लास्टिक आलं. पण नकाशीची पद्धत तीच राहिली. पातळ पत्रा चिकटवायचा, त्यावर टोकदार कलमानं पानं-फुलं, मोर, मासे कोरायचे, त्या रेघांत काळा रंग भरायचा आणि वरचा रंग खरवडून काढायचा. रेघेत गेलेला काळा तेवढा राहतो. आपण लहानपणी पाटीवर खिळ्यानं रेघ ओढून त्यात खडू चोळायचो, तसंच.

मी मात्र हे काम आधी शिकलो नाही. दहावीनंतर आयटीआयला सुतारकाम केलं आणि एका मोठ्या शहरात गिटार बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. तिथे माझ्या वाट्याला आलं शिंपल्याचं जडावकाम. गिटारच्या डोक्यावर मालकाचं नाव इंग्रजी अक्षरांत बसवायचं. नऊ वर्षं मी तेच एक नाव कापलं.

ते कसं करतात ते सांगतो. मोत्याच्या शिंपल्याचा साधारण दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्यायचा. त्यावर अक्षराचा कागद चिकटवायचा. टेबलाच्या कडेला एक फळी आवळलेली असते, तिला पाचरीसारखी खाच. त्या खाचेवर शिंपला धरून सोनाराच्या बारीक करवतीनं अक्षर कापायचं. पातं इतकं बारीक, की दात बोटालाच कळतात, डोळ्याला नाही. घाई केली की पातं तुटतं, जोर केला की शिंपला तुटतो. आणि शिंपल्याची धूळ फुप्फुसाला वाईट. तोंडाला मास्क लावून, शक्य तिथे पाणी मारून काम करायचं. सुरुवातीला मला कुणी हे सांगितलं नव्हतं. आता माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी मास्क देतो, करवत दुसऱ्या दिवशी.

अक्षर कापून झालं की ते लाकडावर ठेवून भोवती सुईनं रेघ मारायची, रेघेत खडू चोळायचा म्हणजे काळ्या आबनुसावर ती दिसते. मग लहान राउटरनं आणि कोपऱ्यांत पटाशीनं तेवढाच खड्डा काढायचा. खोली शिंपल्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी. म्हणजे अक्षर केसभर वर राहतं आणि नंतर घासून लाकडाच्या पातळीत आणता येतं. खड्डा जास्त खोल गेला, तर अख्खं लाकूडच खाली घासत बसावं लागतं. अॅराल्डाइटमध्ये त्याच लाकडाची बारीक भुकटी कालवून खड्ड्यात भरायची आणि अक्षर दाबायचं. फटी त्या भुकटीनं बुजतात. दुसऱ्या दिवशी सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून घासायचं. आधी जाड पेपर, मग बारीक, मग आणखी बारीक. घासता घासता मळक्या पृष्ठभागातून अक्षर चमकून वर येतं. तो क्षण मला आजही आवडतो.

यात एक गंमत आहे. शिंपला आरशासारखा चमकत नाही, त्याला दिशा असते. एका बाजूनं बघितला तर पांढरा, दुसऱ्या बाजूनं करडा. सगळी अक्षरं एकाच दिशेनं कापली नाहीत, तर स्टेजवरच्या दिव्यात अर्धं नाव पेटतं आणि अर्धं विझतं. माझ्या हातून पहिल्या वर्षी तसं झालं. मालकाच्या नावातली दोन अक्षरं प्रेक्षकांना दिसेचनात.

पण त्याहून मोठी चूक पुढे झाली. एक गिटार वर्षभरानं परत आली, नावातलं एक अक्षर उचकटून आलेलं. आबनूस आणि शिसम ही तेलकट लाकडं. डिंक लावण्याआधी ती अॅसिटोननं पुसून घ्यावी लागतात, आणि मी त्या दिवशी पुसली नव्हती. मालकानं सगळ्यांना बोलावून विचारलं, ‘हे कुणी केलं?’ मी हात वर केला. पगारातून पैसे कापले गेले. पैशाचं वाईट वाटलं नाही, चूक माझीच होती. पण संध्याकाळी खोलीवर डोक्यात आलं, की नऊ वर्षांत हजारो अक्षरं नीट बसली, तेव्हा कुणीच विचारलं नाही की हे कुणी केलं. एक निघालं तेव्हा विचारलं.

२००३ साली मी मिरजेला परत आलो, एक शेड भाड्यानं घेतली आणि स्वतःचं काम सुरू केलं. तंबोरेही आणि गिटारीही. पहिली गिटार झाली. आता नाव कोणाचं लावायचं? अर्थात माझं! मी हौसेनं एक परदेशी कॅटलॉग काढला, त्यातल्यासारखी वळणदार इंग्रजी अक्षरं आखली, हिरव्या-निळ्या शिंपल्यात कापली आणि बसवली. काम सुंदर झालं होतं, हे मी आजही म्हणेन. गिटार घेऊन मी चित्रकलेच्या सरांच्या घरी गेलो.

सरांना आठवत असेल. सरांनी चष्मा वर करून अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणाले, ‘जोड बोटाला लागत नाही. छान कापलंयस. पण हे वळण कुणाचं रे?’

मी म्हणालो, ‘सर, एका पुस्तकातलं.’

‘मग नाव तुझं आणि अक्षर दुसऱ्याचं,’ सर म्हणाले आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. विषय संपला.

मित्रांनो, सरांनी आपल्याला बोरूनं लिहायला शिकवलं होतं. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं, त्यामुळे एक रेघ जाड आणि एक रेघ बारीक येते. मला वाटलं, आपण मराठी अक्षरच का बसवू नये? चिन्ह म्हणून मी ‘सा’ निवडला. सप्तकातला पहिला स्वर, आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षरही तेच.

आणि तिथे माझी सगळी नऊ वर्षांची विद्या अडकली.

इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात. आपलं अक्षर वरच्या रेषेला लोंबकळतं. ती शिरोरेषा शिंपल्यात कापायची म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर रुंद, लांबच लांब पट्टी. उचलली की मोडते. दुसरी अडचण ‘स’च्या पोटात. डावीकडचं वळण आणि उभा काना यांना जोडणारी मधली आडवी रेघ बोरूनं बारीक येते. तिच्या वर जी जागा तयार होते, ती चारी बाजूंनी बंद. ती कापायची तर आधी बारीक भोक पाडायचं, करवतीचं पातं सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं आणि आतून कापायचं. ते जमलं, तर मधली बारीक रेघ तुटते. मी सात ‘सा’ मोडले. चांगला शिंपला स्वस्त नसतो. आठव्या वेळी मी करवत ठेवली आणि गल्लीत गेलो.

गल्लीत एक म्हातारे कारागीर होते, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. आयुष्यभर नकाशीच केलेली. त्यांनी माझे मोडके ‘सा’ तळहातावर घेतले आणि हसले. म्हणाले, ‘पोरा, जे बारीक आहे ते कापतोस कशाला? जाडच ठेव. बसव. मग कोर आणि काळं भर. डोळ्याला बारीकच दिसतंय.’

मी तिथेच ओट्यावर बसून राहिलो. इतकं साधं होतं. मधली रेघ रुंद ठेवायची, म्हणजे ती मोडत नाही. अक्षर लाकडात बसून घासून झालं, की त्या रेघेच्या दोन्ही कडांना कलमानं कोरायचं आणि तिथे काळा रंग भरायचा. लाकूड काळं, भरलेला रंग काळा. मधली पांढरी रेघ बोरूनं ओढल्यासारखी बारीक दिसते. करवतीनं जे होत नाही ते कलमानं होतं. पुढे मी पाहिलं, की गिटारवर मोठमोठी चित्रं जडवणारे परदेशी कारागीरही बारीक रेघा अशाच कोरून काळ्या करतात. आपल्या गल्लीत ते आधीपासून चाललं होतं आणि मी रोज त्याच्यावरून शाळेत जात होतो.

शिरोरेषेचा प्रश्न मग मीच सोडवला. उत्तर प्रदेशात मैनपुरीला शिसवीच्या लाकडात पितळेची तार ठोकून नक्षी करतात, त्याला तारकशी म्हणतात. मी शिरोरेषा शिंपल्यातून काढूनच टाकली आणि तिथे पितळेची पट्टी बसवली. त्यात एक फायदा आपोआप झाला. शिरोरेषा वेगळी केली, की ‘स’च्या पोटातली बंद जागा वरून उघडी होते. भोक पाडायची गरजच उरत नाही. शिंपल्याचं अक्षर पितळेच्या रेषेखाली टांगलेलं, अगदी आपण वहीत लिहितो तसं.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, पण ते रेषांच्या आडव्या दिशेनं. लांबीच्या दिशेनं जवळजवळ हलत नाही. पितळ आणि शिंपला लाकडाबरोबर असे फुगत नाहीत. म्हणून लांब पट्टी लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच बसवायची. आडवी बसवली तर दोन पावसाळ्यांत सुटते किंवा लाकडाला तडा देते. आणि तंबोऱ्याच्या तबलीवर तर जडावासाठी खड्डा काढायचाच नाही. ती काही मिलिमीटरची पातळ फळी, सगळा नाद तिच्यावर. नावासाठी तिला खणणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर पट्टी चिकटवणं.

आता यंत्रं आली आहेत. संगणकावर अक्षर काढायचं, मशीन शिंपलाही कापतं आणि खड्डाही. मी ते वापरतो, लपवत नाही. पण फिरणाऱ्या पात्यानं आतला कोपरा गोलच येतो. बोरूचं तिरकं टोक हवं असेल तर शेवटी पटाशी आणि कलम हातात घ्यावंच लागतं.

तर असा माझा ‘सा’ झाला. मी तो पहिल्यांदा बसवला एका गायिकेच्या तंबोऱ्यावर, दांडीच्या वरच्या टोकाला, समोरून दिसेल असा. त्या वाद्य घ्यायला आल्या, तारा छेडल्या, खूश झाल्या आणि मग म्हणाल्या, ‘हे काढता येईल का?’

मला धक्काच बसला. त्या म्हणाल्या, ‘मैफलीत तंबोरा माझ्या मागे उभा असतो. दिव्यात हे चमकत राहणार. लोकांनी सा ऐकायचा की वाचायचा?’

जडवलेलं काढता येत नाही. चिकटवलेलं नाव खरवडून काढता येतं, पण इथे लाकूडच खणलेलं असतं. मी त्यांना दुसरा तंबोरा करून दिला. पहिला अजून माझ्याकडे आहे, शेडमध्ये मुलांना दाखवायला.

त्यानंतर मी विचार करू लागलो, की नाव नक्की कुठे असावं. इटलीतला स्ट्रॅडिव्हरी. त्याची व्हायोलिनं जगातल्या सर्वांत महाग व्हायोलिनांपैकी. पण बाहेर कुठे त्याचं नाव चमकत नाही. आत कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर लॅटिनमध्ये नाव आणि साल. पुढच्या भोकातून डोकावलं तर दिसते. मला ते पटलं. तंबोऱ्यावर माझा ‘सा’ आता मागच्या बाजूला असतो, नखाएवढा. वाजवणाऱ्यालाच दिसतो. आणि तबली बसवण्याआधी भोपळ्याच्या आत मी एक चिठ्ठी चिकटवतो. पंढरपूरकडच्या ज्या शेतकऱ्याकडून भोपळा आला त्याचं नाव, दांडी कोरणाऱ्याचं, नकाशी करणाऱ्याचं, जवारी लावणाऱ्याचं, आणि शेवटी माझं. पुढे कधी वाद्य उघडलं, तर ‘हे कुणी केलं’ याचं उत्तर आत असेल. चांगल्याचंही आणि वाईटाचंही.

आता तो जुना हिशेब.

१९८४ साली, आपण नववीत असताना, संगीताच्या खोलीतल्या तंबोऱ्यावर कुणीतरी कर्कटकानं एक अक्षर खरवडलं होतं. दांडीच्या मागच्या बाजूला, ‘स’. बाईंना आठवत असेल. त्यांनी वर्गात विचारलं, ‘हे कुणी केलं?’ कुणीच उठलं नाही. संगीताच्या खोलीत सगळ्यांत जास्त वेळ असायचा तो माझ्या बाकावरचा मित्र, आणि त्याचं नावही ‘स’नं सुरू होतं. त्याला उभं केलं गेलं. तो ‘मी नाही’ म्हणाला, पण कुणाचं नाव घेतलं नाही. त्या वर्षी त्याला संगीताच्या खोलीत जायला बंदी झाली. आंतरशालेय स्पर्धेत तो जाणार होता, गेला नाही.

बाई, तो ‘स’ मी खरवडला होता. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. सगळे खोलीबाहेर होते, हातात कर्कटक होतं आणि समोर ते गुळगुळीत पॉलिश होतं. एवढंच. मी उठलो नाही, कारण घाबरलो. नंतर उठलो नाही, कारण उशीर झाला होता.

या मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा शाळेनं तो तंबोरा माझ्याकडे दुरुस्तीला पाठवला. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. तबली उखडली होती, दोन खुंट्या नव्हत्या. आणि मागे तो ‘स’ होता. चाळीस वर्षांचं पॉलिश आणि मळ बसून काळा झालेला. काळ्या रेघेत काळा रंग भरलेला, अगदी चाचांच्या नकाशीसारखा.

मी त्या रात्री मित्राला फोन केला आणि सांगितलं. तो पलीकडे बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘चाळीस वर्षांनी सांगालायस होय?’ आणि फोन ठेवला. त्याला राग यायलाच हवा होता. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. म्हणाला, ‘तंबोरा वाजतोय का नीट?’ मी म्हणालो, ‘वाजेल.’ तो म्हणाला, ‘मग मी येतो.’ तो इथेच बसलाय, तिसऱ्या रांगेत. त्यानं मला माफ केलंय का, हे मी विचारलेलं नाही.

त्या खरवडीवर शिंपल्याचा छान ‘सा’ बसवता आला असता. तेवढी जागा होती, कामही शोभून दिसलं असतं. मी ते केलं नाही. त्याच जातीच्या लाकडाची पट्टी रेषा जुळवून बसवली, पॉलिश केलं. आता हात फिरवला तर काही लागत नाही. पण तबली लावण्याआधी आत चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर सालासकट लिहिलंय, कुणी खरवडलं, कुणाला शिक्षा झाली, कुणी दुरुस्त केला. दोघांचीही पूर्ण नावं आहेत.

तंबोरा स्टेजच्या त्या कोपऱ्यात, बाईंच्या खुर्चीशेजारी ठेवलाय. काल मी तो काळी चारमध्ये लावून ठेवला. जेवणानंतर माझ्या बाकावरचा मित्र गाणार आहे, असं संयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत छापलंय. मागे कोणी बसायचं ते छापलेलं नाही. त्याची हरकत नसेल तर मी बसेन.